धुराचे माप



कामगार चळवळीतला माणूस ज्वालामुखीवर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. पण पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर ज्या काळ्या दगडाचे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचाच. तेव्हा विषय घरचाच आहे.

पृथ्वीच्या पोटातला तप्त रस वर चढू लागला, की त्यातला सल्फर डायऑक्साइड हा गंधकी वायू बाहेर पडतो. फौंड्रीतला आमचा गडी तो नाकानेच ओळखतो. कोक पेटल्यावर घशात खवखवतो तोच हा. पण तो मोजायचा कसा? ज्वालामुखीच्या तोंडाशी गेलेला परत येईलच असे नाही.

सूर्यप्रकाशातले ठरावीक जंबुपार, म्हणजे अतिनील, किरण हा वायू शोषून घेतो. कॉस्पेक नावाचे यंत्र विमानात आभाळाकडे तोंड करून ठेवतात आणि धुराच्या पट्ट्याखालून आडवे उडतात. कोठे किती किरण कमी पडले ते यंत्र टिपते. त्या बेरजेला वाऱ्याच्या वेगाने गुणले, की दिवसाचे टन निघतात. वाऱ्याचा वेग चुकला तर सारा हिशेब चुकला. मोठी गोम तिथेच आहे.

१९९१ साली फिलिपाइन्समधल्या पिनातुबोवर हेच केले. १३ मे रोजी दिवसाला ५०० टन, २८ मे रोजी ५,००० हून अधिक. आणि जूनच्या प्रारंभी आकडा एकदम काही शेंवर आला. एखादा म्हणाला असता, संकट टळले. शास्त्रज्ञांनी शेजारी भूकंपाच्या नोंदी ठेवल्या आणि ताडले, की वायूची वाटच बुजली असावी. हजारो लोक हलवले गेले. १५ जूनला डोंगर फुटला. पावसाने भिजलेल्या राखेखाली छपरे कोसळून शेकडो माणसे गेली. हलवलेली हजारो वाचली.

आता माझ्या मतलबाचे सांगतो. हे यंत्र मुळात कारखान्यांच्या धुराड्यांसाठी निघाले होते. ज्वालामुखीवर ते मागाहून गेले! फाटकाबाहेर उभे राहूनही धुराड्याचे माप घेता येते. एका कारखान्यात आम्ही हवेच्या तपासणीचा आग्रह धरला, तर नेमकी त्या दिवशी भट्टी थंड ठेवलेली. डोंगराला कोणी तारीख कळवत नाही. भट्टीपाशी राबणाऱ्याच्या छातीत किती वायू जातो, ते मात्र हे यंत्र सांगणार नाही. त्यासाठी आत, त्याच्या खांद्याजवळ, वेगळे मापक लागते. आमच्या यंदाच्या मागणीपत्रात ही दोन्ही मापे मागितली आहेत, पगारवाढीच्या कलमाच्याही वर.