आधी कान, मग हात

(बेल्हे येथे झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषण)



आज रविवार. उद्या सोमवार, म्हणजे बेल्ह्याचा बाजार. मागच्या सोमवारी मेळाव्याच्या तयारीसाठी आलो होतो, तेव्हा बाजारातून चालत गेलो. एका दुकानापुढे एक म्हातारबाबा बैलासाठी घुंगरांची माळ घेत होते. दुकानदार त्यांना रंगीत गोंडे दाखवत होता. बाबांचे तिकडे लक्षच नव्हते. एकेक माळ ते कानाशी नेत, हलवत आणि मान हलवून खाली ठेवत. शेवटी एक साधीच माळ घेतली. मी विचारले, "बाबा, हीच का?" ते म्हणाले, "दुसऱ्या बैलाच्या गळ्यात जी हाये ना, तिच्याशी हिचं जमलं पाहिजे."

मला तिथेच आमच्या सरांची आठवण झाली. वसतिगृहातल्या मुलांना गिटार शिकवतो, त्याबद्दल चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले आहे. पण ज्यांनी मला शिकवले त्यांच्याबद्दल आधी बोलतो. त्यांचे नाव घेत नाही. त्यांना ते आवडले नसते.

सर मूळचे गोव्याचे. पुण्यात रेल्वेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर दुपारच्या वेळी घरी गिटार शिकवू लागले. मी कॉलेजात होतो. मला आठ दिवसांत ख्रिसमसची गाणी वाजवायची होती. पहिल्या दिवशी सरांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली, सगळ्या खुंट्या पिळून सहाही तारा बिघडवल्या आणि म्हणाले, "आता जुळव."

तीन आठवडे मी फक्त तारा जुळवत होतो. तुमच्यातल्या ज्यांनी गिटार धरली आहे त्यांना हे माहीत असेल. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली की जो स्वर येतो, तोच पाचव्या तारेचा मोकळा स्वर असायला हवा. असे करत खाली यायचे. फक्त तिसऱ्या तारेवर चौथा पडदा घ्यायचा. पण पडदे मोजून तार जुळत नाही. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की आवाजात लाटा उठतात. सूर जवळ येईल तशा लाटा संथ होतात, आणि पूर्ण जुळला की थांबतात. सर म्हणत, "लाट थांबेपर्यंत थांब. तू घाई करतोस आणि लाट चालू असतानाच खुंटी सोडतोस."

आज मोबाईलवर एक बटण दाबले की तार जुळली की नाही ते हिरव्या दिव्याने कळते. सरांनी ते कधी वापरू दिले नाही. "दिवा डोळ्याला दिसतो," ते म्हणत, "तुझ्या कानाला काय मिळालं?" मी वाजवत असताना ते खिडकीकडे तोंड करून बसत. मला वाटे, यांचे लक्ष नाही. पण बोट जरा चुकीच्या तारेला लागले की पाठमोरेच म्हणत, "पुन्हा." कधीकधी मी बरोबर वाजवूनही "पुन्हा" म्हणत. विचारले तर सांगत, "बरोबर वाजलं, पण तू ऐकलं नाहीस."

ही शिस्त सरांनी गोव्याहून आणली होती. तिथे पोर्तुगीज काळापासून चर्चला लागून शाळा असत. तिथला संगीतशिक्षक मुलांना आधी स्वर गायला शिकवी. कागदावर लिहिलेला स्वर डोळ्याने पाहायचा, मनात ऐकायचा आणि गळ्यातून काढायचा. हे जमले की मग हातात व्हायोलिन. अशा शाळांमधून शिकलेली कितीतरी मुले मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी, आणि गोव्याचा वादक ती ऐकता ऐकता कागदावर उतरवून घेई. दुसऱ्याच्या मनातले गाणे आपल्या कानाने ओळखायचे आणि शंभर वादकांना वाजवता येईल असे लिहायचे, हे त्यांचे काम. पडद्यावर त्यांचे नाव बहुधा येत नसे.

त्यांतले एक होते अँथनी गोन्साल्विस. सर त्यांच्याबद्दल फार आदराने बोलत. 1927 साली माजोर्ड्याला जन्म. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. मुलगा 1943 साली मुंबईला येऊन नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागला. लहानपणापासून कानावर पाश्चात्त्य संगीत. मुंबईत त्यांनी रागदारी ऐकली, आणि 'हे आपले नाही' असे म्हणून ते उठून गेले नाहीत. ते शिकायला बसले. सारंगीवादक पंडित रामनारायण यांच्यासारख्यांकडून त्यांनी ते संगीत समजून घेतले, आणि मग राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एकत्र आणणाऱ्या रचना केल्या. 1958 साली त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले.

त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्यांत एक लहान मुलगा होता, प्यारेलाल. पुढे तो लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला प्यारेलाल झाला. 1977 साली 'अमर अकबर अँथनी' आला. त्यातल्या एका गाण्यात अमिताभ बच्चन स्वतःचे जे नाव सांगतो, ते प्यारेलालजींच्या या गुरूचे. सारा देश ते नाव गुणगुणू लागला, पण नावाचा खरा माणूस कोण हे फार थोड्यांना ठाऊक होते. गोन्साल्विस त्याआधीच सिनेमा सोडून गेले होते. 2012 साली गोव्यात त्यांचे निधन झाले. सर म्हणत, "शिकवणाऱ्याचं असंच असतं. त्याचं नाव दुसऱ्याच्या गाण्यात राहतं."

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला सोपी नाही.

पंधरा वर्षांपूर्वी मी आपल्या तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका वसतिगृहात दर रविवारी जाऊ लागलो. महादेव कोळी, ठाकर आणि दोन-चार कातकरी मुले होती. ख्रिसमससाठी चार गीते बसवायची होती. बारा-तेरा वर्षांचा एक ठाकर मुलगा होता. आवाज मोठा, मोकळा. पण माझ्या गिटारच्या सुरात तो काही केल्या येईना. सगळे एकीकडे आणि हा एकीकडे. कार्यक्रमाला चार दिवस राहिले तेव्हा मी त्याला बाजूला घेतले आणि म्हणालो, "तू नुसते ओठ हलव."

त्याने तसेच केले. कार्यक्रम छान झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या रविवारी तो गायनाला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मी हे सरांना सांगितले. तक्रार म्हणूनच सांगितले, की या मुलांना सूर कळत नाही. सरांनी खिडकीकडची मान वळवली आणि एवढेच विचारले, "तो काय गात होता?"

मी म्हणालो, "सर, आमचंच गाणं, पण बेसूर."

"ते तुझ्या गिटारला लागलं नाही, एवढं तुला कळलं. मी विचारतोय, तो काय गात होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तीन महिने दर रविवारी तो माझ्यापासून चार हातांवर उभा राहून गात होता आणि मी त्याला एकदाही ऐकले नव्हते. मी फक्त माझी गिटार ऐकत होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्या वाडीवर गेलो. हिरड्याचे दिवस होते. घरचे सगळे झाडाखाली, अंगणात हिरडा वाळत पडलेला. मुलगा मला पाहून घरात गेला. त्याच्या आजीने पाणी दिले, बस म्हणाली. संध्याकाळी शेजारच्या घरी लग्नाचे काम होते. बायका गाणी म्हणू लागल्या. आजी सुरुवात करी आणि बाकीच्या तिच्यामागे जात. थोड्या वेळाने मागून एक आवाज मिसळला. मोठा, मोकळा. तो आजीच्या सुरात अगदी चोख होता. माझ्या चर्चमध्ये जो बेसूर होता, तोच मुलगा.

मी गिटार पिशवीतून काढली नाही. त्या रात्री फक्त ऐकले. आजीचा सूर माझ्या गिटारच्या दोन पडद्यांच्या मधे कुठेतरी होता. तिथे पडदाच नाही. म्हणजे मी जन्मभर दाबले असते तरी तो स्वर माझ्या बोटाखाली आला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून मी सहाही तारा थोड्या थोड्या ढिल्या करू लागलो. मुलगा दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, अजून खाली आणा." मी आणली. "अजून." पुन्हा आणली. मग त्याने मान डोलावली. लाट थांबली होती. त्या दिवशी तार त्याने जुळवली, मी फक्त खुंटी धरली.

तो जूनमध्ये वसतिगृहात परत आला, शिकला, आज नोकरी करतो. पण मला तुम्हांला सगळे गोड करून सांगायचे नाही. परत आल्यावरही गायला तोंड उघडण्याआधी तो एकदा माझ्याकडे बघायचा, 'गाऊ का?' असे. मोठा झाल्यावरही ते गेले नाही. मी बोललेले ते चार शब्द मला परत घेता आलेले नाहीत.

बंधुभगिनींनो, हे मी आज सांगतो कारण आपले काम गिटारपुरते नाही. आपण हितचिंतक आहोत. हित चिंतायचे तर ज्याचे हित आहे त्याचे ऐकावे लागते. आम्हीच एका वर्षी वाडीवर ब्लँकेटे घेऊन गेलो. बायकांनी घेतली, हात जोडले, आम्ही फोटो काढले. निघताना एकीने हळूच विचारले, "ताडपत्री मिळंल का?" अवकाळी पाऊस आला की वाळत घातलेला हिरडा भिजतो, काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. वर्षभराच्या मीठमिरचीचा पैसा त्यात असतो. आम्ही आधी विचारले असते तर तेवढ्याच पैशांत ताडपत्र्या आल्या असत्या. त्या बाईने हे जाताजाता सांगितले, कारण तोपर्यंत तिला कोणी विचारलेच नव्हते.

हा धडा आपल्या मंडळीला नवा नाही. इथून जवळच अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्याआधी आपली बरीच गीते इंग्रजी चालींवर बेतलेली असत. शब्द मराठी, पण गाणाऱ्याची जीभ अडखळे. टिळकांनी इथल्या माणसाच्या गळ्यात आधीपासून काय आहे ते ऐकले: ओवी, अभंग, कीर्तन. म्हणून त्यांची गीते आजही आपण पुस्तक न उघडता गातो. त्यांनी जे मराठी माणसासाठी केले, ते ठाकर आणि कातकरी मुलांसाठी करायचे अजून बाकी आहे. ते करणारा कदाचित त्यांच्यातूनच उठेल. आपण त्याला 'नुसते ओठ हलव' म्हणू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

शेवटी शमुवेलाची आठवण करून देतो. रात्री त्या मुलाला कोणी हाक मारली आणि तो तीनदा म्हाताऱ्या एलीकडे धावला. एलीची नजर मंद झाली होती, आणि ती हाक त्याला स्वतःला ऐकू आली नव्हती. तरी मुलाला काहीतरी ऐकू येते आहे हे त्याने ओळखले. 'झोप, भास झाला असेल' असे म्हणून त्याने ते सोडून दिले नाही. कसे ऐकायचे आणि काय उत्तर द्यायचे ते त्याने शिकवले. मला तो फार मोठा शिक्षक वाटतो. जे आपल्याला ऐकू येत नाही, ते समोरच्या लेकराला येत असेल, एवढे मानायला मोठे मन लागते.

सरांना शेवटच्या दिवसांत कमी ऐकू येई. मी वाजवायला बसलो की ते गिटारच्या लाकडावर तळवा ठेवत. एकदा मी त्या आजीचे गाणे वाजवले, ढिल्या केलेल्या तारांवर. त्यांनी हात तसाच ठेवला. गाणे संपल्यावर म्हणाले, "हं. हे तो गात होता."

आपल्या वसतिगृहात पुढच्या रविवारी गायनाचा वर्ग आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. गाता आले नाही तरी चालेल. तासभर शांत बसता आले पाहिजे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.