संपत्तीचे माप, न्यायाचे माप

बंगळूर शहर मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण होते, आणि त्यांच्या दरबाराच्या आठवणी मराठी इतिहासात आजही जपलेल्या आहेत. आजची त्याची ख्याती मात्र निराळ्या कारणाने आहे. संगणक-उद्योग, विमाननिर्मिती आणि संशोधनसंस्था यांच्यामुळे ते देशातील संपन्न नगरांत अग्रभागी गणले जाते. २०११ च्या जनगणनेत बंगळूर नागरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९६ लाख भरली; कर्नाटकाच्या ६ कोटी ११ लाख वस्तीचा हा सहावा हिस्साही नव्हे. पण राज्याच्या एकूण उत्पादनात याच एका जिल्ह्याचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक आहे. साहजिकच दरडोई उत्पन्नाच्या यादीत त्याचे नाव सर्वांत वर असते आणि कलबुर्गीसारखा जिल्हा कित्येक पटींनी मागे राहतो.

पण दरडोई उत्पन्न म्हणजे नेमके काय? एका प्रदेशात वर्षभरात निर्माण झालेल्या सर्व उत्पन्नाला तेथील माणसांच्या संख्येने भागले की जो आकडा येतो, तो. हा भागाकार कागदावर होतो, प्रत्यक्षात कोणी कोणाला काही वाटून देत नाही. शिवाय जिल्ह्याच्या हिशेबात उत्पादन जेथे झाले तेथे ते मांडले जाते. बंगळुरातील कंपनीचा नफा मुंबईच्या किंवा परदेशातील भागधारकाच्या पदरी पडला, तरी त्याची नोंद होते ती बंगळूरच्या नावावर. तेव्हा या आकड्यावरून तेथे किती पिकते हे कळेल; तेथील माणसाच्या ताटात काय पडते हे कळणार नाही.

हा भेद आपल्याकडे फार पूर्वीच ओळखला गेला होता. दादाभाई नौरोजी यांनी १८६७ ते १८७० या काळातील हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वर्षाला अवघे २० रुपये ठरवले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रासाठी सरकारला जो खर्च करावा लागे, त्याच्याशी त्यांनी हा आकडा ताडून पाहिला, आणि सामान्य रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही हे दाखवून दिले. एकटा आकडा मुका असतो. माणसाच्या गरजेशेजारी ठेवला की तो बोलू लागतो, हा धडा दादाभाईंनी घालून दिला.

बंगळुराशी या विषयाचे आणखी एक नाते आहे. मुंबई विद्यापीठात आणि पुढे केंब्रिजला शिकलेले डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ सालच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे शास्त्रशुद्ध गणित मांडले. दरडोई उत्पन्न ६२ रुपये निघाले. पण त्याच गणितातून असेही दिसले की, शहरातील माणसाचे सरासरी उत्पन्न खेड्यातील माणसाच्या तिपटीहून अधिक आहे. म्हणजे ६२ रुपयांचा तो सरासरी माणूस ना शहरात राहत होता, ना खेड्यात! याच डॉ. रावांनी १९७२ मध्ये बंगळुरात सामाजिक व आर्थिक परिवर्तनाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली.

सरासरी कशी फसवते, हे एका काल्पनिक आळीवरून पाहू. आळीत पाच घरे आहेत. चार घरांचे मासिक उत्पन्न अनुक्रमे १०, १२, १५ आणि १८ हजार रुपये आहे, पाचव्याचे १ लाख ४५ हजार. एकूण २ लाख. सरासरी ४० हजार. उद्या पाचव्या घराचे उत्पन्न ५० हजारांनी वाढले, तर सरासरी ५० हजारांवर जाईल आणि आळीची भरभराट झाली असे अहवालात लिहिले जाईल. पहिल्या चार घरी मात्र चुलीवरचे भांडे कालच्याएवढेच राहील. याउलट, उत्पन्नाच्या क्रमाने घरे मांडून मधोमध असलेले घर पाहिले, तर तेथे १५ हजारच दिसतात, वाढीपूर्वीही आणि नंतरही. या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात. सामान्य माणसाची स्थिती सांगायला तो सरासरीपेक्षा अधिक प्रामाणिक साक्षीदार होय.

वाटणीतील विषमता एका अंकात सांगण्याची रीत १९१२ मध्ये जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने दिली. सर्वांचे उत्पन्न सारखे असेल तर त्याचा निर्देशांक शून्य. सगळे उत्पन्न एकाच्याच हाती असेल तर तो एकाला जाऊन भिडतो. अमर्त्य सेन यांनी त्यातून एक उपयुक्त हिशेब सुचवला: सरासरी उत्पन्नातून विषमतेच्या प्रमाणात कपात करावी, आणि जे उरेल त्याला कल्याणाचे माप मानावे. समजा, एका नगराची सरासरी १०० आहे आणि विषमतेचा निर्देशांक ०.२०, तर कल्याणाचे माप ८०. दुसऱ्या नगराची सरासरी १२०, पण निर्देशांक ०.४०, तर माप ७२. श्रीमंत दिसणारे दुसरे नगर या तराजूत हलके ठरते.

अर्थात, तराजू कितीही चांगला असला तरी त्यात घालायचे धान्य खरे हवे. आपल्या देशात घरोघर जाऊन होणाऱ्या मोठ्या पाहण्या प्रामुख्याने उत्पन्नाच्या नव्हेत, तर खर्चाच्या असतात. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण भागाचा दरमहा दरडोई खर्च ३,७७३ रुपये आणि शहरी भागाचा ६,४५९ रुपये आढळला. शहरांतील तळाच्या ५ टक्क्यांचा खर्च २,००१ रुपये होता, तर वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४. हे अंतर दसपटीहून अधिक आहे. आणि खरे अंतर याहूनही मोठे असणार. कारण गरीब माणूस मिळेल ते सारे खर्चून टाकतो, श्रीमंत बराच भाग शिलकीत टाकतो, आणि अतिश्रीमंतांच्या दारापर्यंत पाहणी करणारा क्वचितच पोचतो.

वाटणीखेरीज आणखी एक प्रश्न उरतो: उत्पन्न म्हणून जे मोजले, ते सारे सुखाचेच असते काय? बंगळूर हे एके काळी तळ्यांचे गाव होते. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. नळाचे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून पंपांनी चढवून आणावे लागते, आणि ते सर्व वस्त्यांना पोचत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात विंधणविहिरी आटल्या तेव्हा टँकरचे भाव एवढे भडकले की, जिल्हा प्रशासनाला दर बांधून द्यावे लागले. जवळच्या अंतरासाठी ६,००० लिटरला ६०० रुपये, म्हणजे हजार लिटरला १०० रुपये असा तो दर होता. त्या वेळी नळाच्या घरगुती पाण्याचा पहिल्या टप्प्याचा दर हजार लिटरला ७ रुपये होता. टँकरवर झालेला हा सारा खर्च राष्ट्रीय उत्पन्नात जमेच्या बाजूला पडतो. बुजलेले तळे खर्चाच्या बाजूला कोठेच दिसत नाही. आणि ज्या वस्तीला नळ नाही, तेथील मोलकरणीला किंवा गवंड्याला त्याच घागरभर पाण्यासाठी नळवाल्या शेजाऱ्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. दोघांचे उत्पन्न कागदावर समान असले तरी त्यांचे जीवन समान राहत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सर्वांना सारखेच मिळावे, असा न्यायाचा अर्थ नव्हे. कष्ट, कौशल्य आणि जोखीम यांचे मोल वेगळे असणारच. पण जन्म कोणत्या तालुक्यात झाला यावरच मुलाचे भवितव्य ठरू लागले, तर तो फरक गुणांचा राहत नाही. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा यांच्या समितीने २००२ मध्ये कर्नाटकातील १७५ तालुके एकेक करून तपासले आणि त्यांपैकी ११४ मागासलेले ठरवले. राज्याच्या सरासरीत हे ११४ तालुके झाकले गेले होते. महाराष्ट्रातही १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने जिल्हावार हिशेब मांडला, आणि ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भ-मराठवाड्यात घरोघर पोचला. मोजणीने अन्याय आपोआप दूर होत नाही, हे खरे. पण जो मोजलाच गेला नाही, त्याबद्दल दाद मागणेही कठीण असते. कर्नाटकाच्या ईशान्येकडील जिल्ह्यांसाठी ९८ व्या घटनादुरुस्तीने विशेष तरतूद झाली, तिच्या मागे अनेक वर्षांच्या मागणीइतकेच अशा आकड्यांचेही बळ होते.

आपल्या राज्यघटनेच्या ३८ व्या अनुच्छेदात, उत्पन्नातील विषमता कमीत कमी करण्यासाठी राज्याने झटावे, असे सांगितले आहे. हे कर्तव्य पार पडते आहे की नाही, हे ठरवायचे तर केवळ सरासरीच्या वाढीवर समाधान मानून चालणार नाही. एखाद्या नगराचे किंवा राज्याचे उत्पन्न वाढल्याची वार्ता कानी आली की, नागरिकाने तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत: मधल्या घराचे किती वाढले? तळच्या घराचे किती वाढले? आणि वाढलेल्या पैशात त्या घराला पाणी, औषध, शाळा पूर्वीपेक्षा सुलभ झाली की दुर्लभ? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अर्थसंकल्पाच्या आणि पाहणीच्या अहवालांत सरासरीच्या शेजारीच छापली जावीत, एवढा आग्रह लोकांनी धरला, तर दादाभाईंनी दीडशे वर्षांपूर्वी आरंभलेले काम पुढे नेल्यासारखे होईल.