सुतक कोणाला, सूड कोणाचा?

आपल्याकडे एखाद्या घरी मृत्यू घडला म्हणजे त्या घरास आणि त्याच्या भाऊबंदांस सुतक येते. शेजारीपाजारी व स्नेहीसोबती समाचारास येतात, चार शब्द बोलतात, डोळे पुसतात आणि आपापल्या घरी परत जातात. त्यांचे दुःख खोटे असते असे मुळीच नव्हे. परंतु सुतक त्यांना नसते. जुन्या लोकांनी हा भेद शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेने केला असेल. तो सर्वांनी जसाच्या तसा पाळावा असेही मी म्हणत नाही. तथापि त्यातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. ती ही की, शोकाला धनी असतो, आणि त्या शोकाचे पुढे काय करावयाचे हे ठरविण्याचा पहिला अधिकार त्या धन्याचा असतो.

जगातील मोठमोठ्या वैरांकडे पाहिले तर हा अधिकार सुतकी माणसाकडे राहिलेला क्वचितच दिसतो. मूल मरते एका आईचे, आणि त्याच्या नावाने शस्त्र उचलतात ते भलतेच लोक. मृताच्या वतीने सूड मागण्यास ज्यांना सुतक नाही तेच बहुधा पुढे असतात. म्हणून शत्रूशत्रूंमधील समेटाचा विचार करताना आपण प्रथम राजकारणी पुरुषांकडे न पाहता ज्यांच्या घरी मृत्यू येऊन गेला त्या माणसांकडे पाहू. आजच्या भाषणात मला अशाच काही माणसांची हकीकत सांगावयाची आहे.

पहिली हकीकत जेरुसलेम शहरातील आहे. इस्रायली ज्यू आणि पॅलेस्टिनी अरब यांचे वैर आपण वर्तमानपत्रांतून वाचतोच. १९९४ साली आरिक फ्रँकेन्थाल नावाच्या एकोणीस वर्षांच्या इस्रायली सैनिकास हमास या पॅलेस्टिनी संघटनेच्या माणसांनी पळवून नेऊन ठार मारले. त्याचे वडील यित्झाक फ्रँकेन्थाल हे धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थ. मुलाच्या मृत्यूनंतर त्यांनी विचार केला की, आपल्यासारखे पुत्रशोकाने पोळलेले आईबाप या देशात पुष्कळ आहेत. त्यांनी एकत्र यावे आणि हे मरण थांबविण्याची मागणी करावी. १९९५ साली त्यांनी अशा कुटुंबांची संस्था काढली. ‘पेरेंट्स सर्कल – फॅमिलीज फोरम’ हे तिचे नाव. पुढे पॅलेस्टिनी कुटुंबेही तीत आली. आज दोन्ही बाजूंची मिळून सहाशेंहून अधिक कुटुंबे या संस्थेत आहेत. तीत प्रवेश मिळण्याची अट एकच, आणि ती पुरी करण्याची वेळ कोणावरही न येवो: या वैरात घरचे माणूस गेलेले असले पाहिजे.

१९९७ सालच्या सप्टेंबरच्या ४ तारखेस जेरुसलेममधील बेन येहूदा रस्त्यावर तीन माणसांनी स्वतःच्या अंगावर बांधलेले बाँब उडविले. मृतांत स्मदार एल्हानान नावाची एक मुलगी होती. तिला चौदावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. तिचे वडील रामी एल्हानान हे चित्रे व जाहिराती यांची मांडणी करणारे कलावंत. १९७३ च्या युद्धात ते लढले होते, आणि त्यांचे वडील आउश्वित्झच्या छळछावणीतून जिवंत सुटले होते. ज्यू लोकांतही आपल्यासारखाच शोकाचा विधी आहे. सात दिवस कुटुंब घरी बसते व लोक समाचारास येतात. त्या सात दिवसांत एल्हानान यांच्या घरी हजारो लोक आले. त्यांत यित्झाक फ्रँकेन्थाल हेही होते.

रामी यांनी स्वतः अनेक व्याख्यानांतून सांगितले आहे की, आपले मूल मारणाऱ्यांच्या लोकांशी समेटाच्या गोष्टी बोलणारा हा मनुष्य एका ताज्या शोकाच्या घरात येऊच कसा शकला, याचा त्यांना विलक्षण संताप आला होता. पुढे वर्षभराने त्यांची गाठ पडली तेव्हा त्यांनी तो बोलूनही दाखविला. फ्रँकेन्थाल यांनी वाद घातला नाही. ‘एकदा येऊन पाहा’ एवढेच सुचविले. रामी गेले आणि दूर उभे राहून येणाऱ्या लोकांस न्याहाळू लागले. बसमधून पॅलेस्टिनी माणसे उतरली. त्यांत काळ्या वेषातील एक वृद्ध स्त्री होती, आणि तिच्या छातीशी सहा वर्षांच्या एका मुलाचे चित्र होते. रामी सत्तेचाळीस वर्षांचे होते. पण पॅलेस्टिनी माणूस मजूर किंवा अतिरेकी याखेरीज दुसऱ्या कोणत्या रूपाने आपल्यासमोर आलाच नव्हता, असे ते म्हणतात. त्या दिवशी तो सुतकी म्हणून समोर आला.

आता दुसरे घर पाहू. बस्साम अरामीन हे पॅलेस्टिनी गृहस्थ. इस्रायली सैनिकांवर हल्ला करण्याच्या कटाबद्दल सतराव्या वर्षी ते तुरुंगात गेले व सात वर्षे तेथे राहिले. तुरुंगात त्यांनी ज्यूंच्या वंशसंहारावरील एक चित्रपट पाहिला. ज्यांना आपण केवळ अत्याचारी म्हणून ओळखतो त्यांनीही असे काही भोगले आहे, हे त्यांना तेथे प्रथम उमगले. सुटल्यावर, २००५ च्या सुमारास, शस्त्र खाली ठेवलेल्या इस्रायली व पॅलेस्टिनी लढवय्यांची एक संस्था स्थापन करण्यात ते पुढे होते. तेथेच त्यांची व रामी यांच्या कुटुंबाची ओळख झाली.

आणि मग २००७ सालच्या जानेवारीत बस्साम यांची दहा वर्षांची मुलगी अबीर हिला अनाता येथील शाळेजवळ इस्रायली शिपायाची रबरी वेष्टनाची गोळी डोक्यात लागली. काही दिवसांतच ती गेली. अबीर या अरबी शब्दाचा अर्थ सुगंध. आपण पंढरपुरास जो अबीर-बुक्का वाहतो त्यातलाच हा शब्द.

श्रोतेहो, विचार करा, या पित्याची परीक्षा किती कठीण असेल! ज्याने अहिंसेचा मार्ग स्वीकारला होता त्याच्याच दारी हे मरण आले. गोळी झाडणाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. बस्साम यांनी दिवाणी न्यायालयात दाद मागितली, आणि २०१० साली जेरुसलेमच्या न्यायालयाने या मृत्यूची जबाबदारी सरकारवर ठेवली. पुढे ते इंग्लंडातील ब्रॅडफर्ड विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी ज्यूंच्या त्याच वंशसंहाराचा अभ्यास केला. अबीरच्या शाळेत तिच्या स्मरणार्थ खेळाचे अंगण उभारावयास जे हात लागले त्यांत माजी इस्रायली सैनिकांचे हात होते. आणि रामी व बस्साम, एक ज्यू पिता व एक मुसलमान पिता, जोडीने गावोगाव आणि देशोदेशी जाऊन आपापल्या मुलीची कथा सांगू लागले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा माणसांविषयी ऐकले की आपण चटकन म्हणतो, ‘केवढी ही क्षमा!’ परंतु रामी हे क्षमा हा शब्द स्वीकारीत नाहीत. निरपराध मुलींची हत्या विसरण्याजोगी नाही व क्षम्यही नाही, असे ते स्पष्ट सांगतात. बस्साम यांनीही आपल्या लोकांवरील लष्करी अंमल संपला पाहिजे ही मागणी तिळमात्र सोडलेली नाही. तेव्हा त्यांनी सोडले ते काय? न्यायाची मागणी सोडली नाही, स्मृती सोडली नाही. त्यांनी एवढेच केले की, आपली मुलगी सुडाला उसनी दिली नाही. तिच्या नावाने दुसऱ्या कोणाची मुलगी मारण्याचा परवाना त्यांनी कोणासही दिला नाही. मला वाटते, समेटाचा पाया हाच. क्षमा हे त्यावरील शिखर होय. ते कोणाला साधेल, कोणाला साधणार नाही, आणि न साधल्याबद्दल कोणत्याही आईबापांस बोल लावण्याचा अधिकार आपणांस नाही.

ज्यांना ते साधले अशीही उदाहरणे आहेत. एमी बील ही सव्वीस वर्षांची अमेरिकन विद्यार्थिनी दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्धच्या कार्यात साहाय्य करावयास गेली होती. १९९३ च्या ऑगस्टमध्ये केपटाउनजवळच्या गुगुलेटू वस्तीत केवळ गोरी म्हणून जमावाने तिला ठार मारले. चार तरुणांस शिक्षा झाली. पुढे त्या देशाने सत्य व समेट यांसाठी एक आयोग नेमला. आर्चबिशप डेस्मंड टुटू हे त्याचे अध्यक्ष होते. ज्याचा गुन्हा राजकीय हेतूचा असेल व जो त्याविषयीचे सारे सत्य उघड सांगेल त्यास माफी मिळू शके. या चौघांनी माफी मागितली तेव्हा एमीच्या आईबापांनी विरोध केला नाही. १९९८ साली ते सुटले, आणि त्यांतील दोघे पुढे एमीच्याच नावाने चाललेल्या संस्थेत काम करू लागले. येथे ध्यानात ठेवावयाचे ते असे की, माफीच्या आधी सत्य आले होते. सत्यावाचून मागितलेली क्षमा म्हणजे पीडितास गप्प बसविण्याची सभ्य रीत होय.

श्रोतेहो, दूरदेशीच्या या कथा ऐकताना महाराष्ट्रीय माणसास एक जवळची आठवण टाळता येणार नाही. १९४८ सालच्या जानेवारीच्या ३० तारखेस दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. मारणारा नथुराम गोडसे पुण्याचा, आणि जातीने ब्राह्मण. वार्ता पसरताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. ज्यांचा त्या कटाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांचे वाडे व दुकाने आगीत गेली, आणि कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव सोडून शहरांत आली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांवर आहे. ज्या पुरुषाने त्याच महिन्यात दिल्लीत शांततेसाठी उपवास केला होता त्याच्या नावाने हे झाले.

आणि सुतक कोणाला होते? गांधीजींच्या मुलांना. त्यांनी काय केले? मणिलाल व रामदास या त्यांच्या दोन पुत्रांनी आपल्या पित्याच्या मारेकऱ्यास फाशी देऊ नये अशी विनंती केली. सरकारने ती मान्य केली नाही. १९४९ च्या नोव्हेंबरच्या १५ तारखेस अंबाल्याच्या तुरुंगात गोडसे व आपटे यांस फाशी झाली. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. मला केवळ तुलना दाखवावयाची आहे. ज्यांचा बाप गेला ते एका मारेकऱ्याचा प्राण वाचविण्याची विनवणी करीत होते. आणि ज्यांना सुतक नव्हते त्यांनी त्यापूर्वीच निरपराधांची घरे पेटवून दिली होती. सानेगुरुजींनी त्या वेळी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्यांनीही तो शोक आपल्या अंगावर घेतला, दुसऱ्याच्या अंगावर टाकला नाही. पेटलेल्या गावांतूनही शेजाऱ्यास आपल्या घरात दडवून ठेवणारी माणसे होती, हेही विसरता कामा नये.

कोणी विचारील, या साऱ्याने झाले काय? २०२३ च्या ऑक्टोबरात इस्रायलमध्ये भीषण हत्याकांड झाले, आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारोंनी बायकामुले मेली. मग या आईबापांची व्याख्याने व्यर्थच गेली ना? शिवाय दोन्हीकडचे कित्येक लोक त्यांना फितूर म्हणतात. इस्रायलच्या शिक्षण खात्याने त्यांना शाळांतून दूर ठेवण्याचे पाऊलही २०२३ मध्ये उचलले. आक्षेप खरा आहे, आणि त्याला गोड उत्तर देऊन चालणार नाही. एका संस्थेने युद्ध थांबत नाही. तथापि मी तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत मुले पाहिली आहेत. मधल्या सुट्टीत दोन मुले भांडतात तेव्हा ती लवकर दमतात. भांडण चालू राहते ते भोवती कडे करून ‘मार, मार’ ओरडणाऱ्या मुलांमुळे. ते कडे मोडले की निम्मे भांडण सरते. राष्ट्रांच्या वैरातही असे कडे असते, आणि ते बाहेरून कोणालाही सहज मोडता येत नाही. पण ज्याच्या घरचे माणूस गेले आहे तो आत उभा राहून ‘माझ्या नावाने मारू नका’ असे म्हणतो तेव्हा कड्यातल्या लोकांस निदान क्षणभर गप्प व्हावे लागते. म्हणूनच त्यांचा आवाज बंद करावा असे इतक्यांना वाटते. जो आवाज निरुपयोगी असतो त्याची भीती कोणी बाळगीत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्यास असा प्रसंग येऊ नये हीच प्रार्थना. परंतु कड्यात उभे राहण्याचा प्रसंग आपणां सर्वांवर येतो. बांधावरून पेटलेली भाऊबंदकी असो, दोन जातींची तेढ असो, वा दोन धर्मांतील दंगल असो, कोणाचे तरी माणूस जाते, आणि आपण समाचारास जातो. तेथे आपण काय बोलतो? ‘त्यांना सोडू नका’ हे वाक्य सांत्वनाच्या रूपाने किती सहज तोंडून निघते! ते बोलून आपण आपल्या घरी जेवावयास येतो. ते घेऊन जगावे लागते त्या घराला. म्हणून समाचारास गेलेल्याने मृताच्या वतीने काही मागू नये. न्यायासाठी खेटे घालावयाचे असतील तर बरोबर जावे, सत्य ठाऊक असेल तर साक्ष द्यावी, आणि एरवी शेजारी बसून राहावे. सुतकी माणूस काय म्हणतो ते ऐकावे. आणि त्याच्या तोंडून कधी काळी समेटाचा शब्द निघाला, तर तो दुबळेपणा आहे असे निदान आपण तरी म्हणू नये.