कबाडीवाल्याला हाक मारण्याआधी

सणाच्या आवराआवरीत माळ्यावरून काय काय निघतं! गंजलेला कुलर, इन्व्हर्टरची बॅटरी, बंद मोबाईल, वायरी, रद्दी. दारावर कबाडीवाला आला की आपण सगळं एकदम त्याच्या काट्यावर ठेवतो आणि मोकळ्या होतो. आज माझं सांगणं एवढंच, की आधी त्याचे चार ढीग करा. त्यात आपला पैसा आहे आणि दुसऱ्या कुणाचं आरोग्यही आहे.

पहिला ढीग रद्दी, पुठ्ठा, प्लास्टिक आणि काचेचा. रद्दी कोरडी ठेवा. दुधाच्या पिशव्या, तेलाचे डबे धुऊन वाळवा. खरकटं लागलेला माल कुणी घेत नाही, तो शेवटी कचऱ्यातच जातो.

दुसरा ढीग धातूंचा. आपल्या अकोला-अमरावतीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, म्हणून घरोघरी कुलर. पण जुना कुलर सगळाच लोखंडाच्या भावात देऊ नका. पत्रा लोखंडाचा असला तरी मोटरीत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार असते, आणि तांब्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो. मोटर आणि पंप वेगळे मोजायला सांगा. पितळेची मोड भांड्यांच्या दुकानात न्या.

तिसरा ढीग बॅटरी आणि विजेच्या वस्तूंचा. यात सगळ्यात जास्त जपायचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसं आणि ॲसिड असतं. ती घरी फोडू नका, ॲसिड मोरीत ओतू नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमचा अपाय करतं. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे किमतीतून वजा होतात. वायरी जाळून तांबं काढलं की विषारी धूर निघतो. तो आधी जाळणाऱ्याच्या आणि शेजारी खेळणाऱ्या लेकरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार असा माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्रातच गेला पाहिजे. म्हणून महापालिकेत किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात विचारून तो द्या. मोबाईल देण्याआधी सिम, मेमरी कार्ड काढा आणि फोटो, बँकेची माहिती पुसून टाका.

चौथा ढीग कबाड्याला द्यायचाच नाही. ट्यूबलाइट, सीएफएल बल्ब, जुनी औषधं, सुया, ब्लेड. ट्यूबमध्ये पारा असतो, ती फोडू नका. हे सगळं घंटागाडीत वेगळं द्या. वापरलेले सॅनिटरी पॅडही नीट गुंडाळून द्यायचे, असं घनकचरा नियमांत लिहिलं आहे.

हे कशासाठी, तर आपण फेकलेलं नाहीसं होत नाही. अमरावतीचा कचरा सुकळीला जातो. कचरा वेचून पोट भरणाऱ्यांत आपल्यासारख्याच कितीतरी बाया आहेत. आपण न गुंडाळलेलं ब्लेड त्यांच्याच हाताला लागतं.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्याला झाडू धरायला शिकवलं. झाडून झाल्यावर तो कचरा कुणाच्या हाती पडतो, तेही आपण पाहू या. आजच माळ्याखाली चार पोती ठेवा, आणि कोणत्या पोत्यात काय जातं ते घरातल्या पुरुषांना आणि लेकरांनाही सांगा.