गॅसचं बिल आलं, आता आधी हिशोब
(जुळे सोलापूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा अंश)

दोस्तांनो, सिलिंडर संपला की लगेच कळतं. पाइपच्या गॅसचं तसं नाही. वापर आधी, बिल नंतर. ते फुगून आलं की घरात पहिला सवाल अम्मीला : "एवढा गॅस कुठे जाळला?" तो विचारण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, रीडिंग. मीटर पाहता आला नाही तर बिलात अंदाजे आकडा पडतो. समजा, मागचं रीडिंग ४१२, बिलावर आताचं ४७० आणि मीटरवर आज ४४६. वापर ३४ घनमीटर, आकारणी मात्र ५८ची! मीटरचा फोटो काढा, लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. लाल आकडे दशांशाचे, ते मोजू नका.

दुसरी, मुदत. बिल बहुधा दोन महिन्यांचं असतं. १४.२ किलोच्या एका सिलिंडरची उष्णता म्हणजे साधारण १७ घनमीटर गॅस. म्हणजे ३४ घनमीटर हे दोन सिलिंडर झाले. त्यात रमजान आला असेल तर सहेरी-इफ्तारचा वापरही धरा. थकबाकी आणि अनामतीचा हप्ता वेगळा काढा.

तिसरी, गळती. सगळे बर्नर बंद करून लाल आकडे टिपा, अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. आकडा सरकला किंवा वास आला, तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन बिलावरच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

इंजिनिअर असा वा नसा, ही वजाबाकी सर्वांना येते. आज घरी जाऊन करा, मग शेजारच्या खालांचंही बिल वाचून द्या.