पंधरा वर्षांचे वास्तव्य

भूमहून बार्शीस जावयाचे म्हणजे बैलगाडीच्या काळी दिवसभराची मजल होती. दोन्हीकडची शेते ज्वारीचीच आणि दोन्हीकडची भाषाही एकच. बार्शीची पेठ मोठी. १८९७ सालापासून तेथे छोटी आगगाडीही धावू लागली होती. त्यामुळे बालाघाटाच्या पठारावरील माल तिकडे उतरावा आणि त्याबरोबर सोयरिकीही जुळाव्यात, हे ओघानेच होते. तथापि या वाटेवर करोडगिरीचा नाका लागे. नाक्याच्या एका अंगास निजामाचे राज्य, म्हणजे लोकांच्या बोलीतील मोगलाई. दुसऱ्या अंगास इंग्रजांचा मुलूख. एकीकडे हाली शिक्का चाले, दुसरीकडे कलदार रुपया. मालावर जकात घेतली जाई. मनुष्यावर जकात नव्हती. परंतु मनुष्य कोणाचा, हे ठरविण्यासाठी हैदराबादच्या कायद्याने दोन शब्द योजिले होते. एक मुल्की, दुसरा गैरमुल्की.

परक्याने एखाद्या देशात किती वर्षे राहिले म्हणजे त्याला तेथला मानावे, हा प्रश्न आज मुख्यतः युरोप-अमेरिकेत जाणाऱ्या मंडळींच्या तोंडी ऐकू येतो. जर्मनीत किती वर्षे, इंग्लंडात किती, मध्ये स्वदेशी येऊन गेल्यास ते दिवस वजा होतात काय, अशी चौकशी अनेक मराठी घरांतून चालते. परंतु हा प्रश्न मराठी मुलखास नवा नाही. भूमसारख्या गावाने तो आपल्या वेशीपाशीच पाहिला आहे.

सर सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात हैदराबादचे दिवाण होते. राज्यकारभाराची घडी नव्याने बसविण्यासाठी त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी आणविले. कारभार सुधारला, पण मोठमोठ्या जागा बाहेरच्यांच्या हाती गेल्या आणि राज्यातील माणसे उमेदवारीतच राहिली. या असंतोषातून मुल्कींना नोकरीत अग्रहक्क असावा, ही मागणी पुढे आली. त्या शतकाच्या अखेरीपासून तसे हुकूम निघत गेले आणि १९१९ साली निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने नियमांस पक्के रूप आले. मुल्की नसलेल्या मनुष्यास खुद्द निजामाच्या खास मंजुरीवाचून सरकारी नोकरीत घेऊ नये, असा दंडक ठरला. तो उच्च जागांस होता, तसाच खालच्या जागांसही होता.

मुल्की कोण, याचे उत्तर या नियमांनी बारकाईने दिले होते. ज्याच्या जन्मकाळी बाप मुल्की असेल, तो जन्माने मुल्की. ज्याच्या जन्मकाळी बाप सरकारी नोकरीत असून त्याची पंधरा वर्षे नोकरी झालेली असेल, तोही मुल्की. या दोहोंत न बसणाऱ्यास तिसरी वाट होती. त्याने राज्यात निदान पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे, आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिलेला असावा, आणि तसे प्रतिज्ञापत्र ठरीव नमुन्यावर न्यायाधिकाऱ्यासमोर केलेले असावे. वर्षे, मनाचा निश्चय आणि कागद, अशी ही तीन कलमे होती.

आता बार्शीस जन्मलेल्या एखाद्या तरुणाची कल्पना करावी. त्याचा मामा भूमचा. बालपणीच्या सुट्ट्या तेथेच गेलेल्या. मॅट्रिक होऊन तो मामाकडे राहावयास येतो आणि मोगलाईतील कचेरीत कारकुनाची जागा मागतो. कायद्याच्या दृष्टीने तो गैरमुल्की होता. यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. बार्शी ब्रिटिश हद्दीत असल्याने तेथे जन्मलेला मनुष्य ब्रिटिश प्रजाजन ठरे. लंडनमध्ये कायदा त्यास परकीय म्हणू शकत नव्हता. पण एका दिवसाच्या मजलेवरील आजोळी त्यास पंधरा वर्षे थांबावे लागे. उलट भूमचा रहिवासी निजामाची प्रजा म्हणून ब्रिटिशांच्या लेखी केवळ संरक्षित गणला जाई. एकाच पंक्तीस जेवणारे दोन मामेभाऊ कागदावर दोन निरनिराळ्या जगांतले होते.

याहून नाजूक प्रकार लग्नाचा. बार्शीची मुलगी भूमच्या मुल्की घरात दिली, तर ती लग्नाबरोबर मुल्की होई. भूमची मुलगी बार्शीस दिली, तर ती गैरमुल्की होई आणि तिची मुलेही गैरमुल्की ठरत. पुढे ती विधवा झाली किंवा पतीपासून विभक्त झाली आणि कायम राहण्याच्या हेतूने माहेरी परतली, तर तिचे मुल्कीपण तिला परत मिळे. पुरुषास पंधरा वर्षे मोजावी लागत; स्त्रीचे मात्र नवऱ्याच्या पावलांवरून मोजले जाई. त्या काळी हे हैदराबादेतच होते असे नाही. ब्रिटनमध्येही परकीयाशी लग्न करणारी स्त्री साधारणतः आपले ब्रिटिश प्रजाजनत्व गमावीत असे. ही स्थिती १९४८ च्या कायद्याने पालटली.

मग वास्तव्याची अट ही केवळ जुलमाची गोष्ट समजावी काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. कोणत्याही समाजास आपल्यात नवीन येणाऱ्याची ओळख पटण्यास काही अवधी लागतो. नवख्यासही तेथील भाषा, चालीरीती आणि कर्तव्ये अंगवळणी पडण्यास वेळ हवा असतो. मनात शिरून निष्ठा पाहता येत नाही, म्हणून कायदा दिवस मोजतो. शिवाय ठरलेल्या मुदतीत एक वचनही असते. इतकी वर्षे सचोटीने राहिलास तर तू आमचा होशील, कोणाची मेहेरबानी तुला मागावी लागणार नाही, असे ते वचन. म्हणून मुदत किती, एवढाच प्रश्न नाही. ती पुरी करणाऱ्यास दार खात्रीने उघडते काय, हाही प्रश्न तितकाच मोलाचा आहे.

युरोपातील राष्ट्रांनी हे माप वेळोवेळी बदलले आहे. ब्रिटनने १९१४ च्या कायद्यात परकीयास पाच वर्षांचे वास्तव्य, चांगले वर्तन व इंग्रजीचे पुरेसे ज्ञान या अटी घातल्या होत्या. आजही तेथे सर्वसाधारण मुदत पाच वर्षांचीच आहे. मात्र त्या काळात देशाबाहेर काढलेले दिवस सामान्यतः साडेचारशेहून अधिक नसावेत, असा हिशेब आहे. फ्रान्समध्येही मुदत पाच वर्षांची. तेथे दोन वर्षे उच्च शिक्षण यशस्वीपणे पुरे करणाऱ्यास ती दोन वर्षांवर येते. जर्मनीत १९९० नंतरच्या दशकात प्रौढ परकीयास नागरिकत्वाचा हक्क सांगण्यास पंधरा वर्षे लागत, म्हणजे नेमका निजामाच्या फर्मानातील आकडा. २००० साली ती मुदत आठ वर्षांची झाली आणि २०२४ साली पाच वर्षांची. स्वित्झर्लंडमध्ये दहा वर्षे लागतात. शिवाय देश, प्रांत आणि गाव या तिघांचीही संमती असावी लागते. गावानेही मान डोलवावी, ही कल्पना आपल्याकडील ग्रामस्थांस फारशी परकी वाटणार नाही.

मुल्की नियमांची परीक्षा या कसोटीवर केली, म्हणजे त्यांतील उणीव ध्यानात येते. पहिली उणीव अशी की, परका कोण, हे त्यांनी राज्याच्या सीमेवरून ठरविले. मूळ तक्रार दूरदेशच्या अधिकाऱ्यांविषयी होती. पण दूरच्या प्रांतातून येणारा आणि शेजारच्या बार्शीहून येणारा हे दोघेही एकाच मापाने मोजले गेले. परत जाण्याचा विचार सोडला, अशी प्रतिज्ञा बार्शीच्या मनुष्याने कशी करावी? ज्या गावी बाजारास, लग्नास आणि सुतकास जावे लागते, तो गाव मनातून टाकता येत नाही.

दुसरी उणीव याहून खोल होती. नियम मुल्कीच्या रक्षणार्थ झाले. पण भूमच्या मराठी मुलास त्यांचा लाभ किती झाला? राज्याचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच होते. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास कागदावर अग्रहक्क होता, पण त्या हक्कापर्यंत नेणारी शाळा त्याच्या भाषेत नव्हती. बाहेरच्यास अडविणारे कुलूप होते. आतल्यास चढावयाची पायरी नव्हती.

तिसरी उणीव कागदाची. वास्तव्य सिद्ध करणारा दाखला हीच नोकरीची किल्ली ठरल्यावर खोट्या दाखल्यांचा सुकाळ झाला. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतर बाहेरून आलेल्यांनी खोटे मुल्की दाखले मिळविल्याची ओरड वाढत गेली आणि १९५२ च्या सप्टेंबरात हैदराबाद शहरात विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन झाले. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. पंधरा वर्षांच्या हिशेबापायी रक्त सांडले, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

तत्पूर्वी २६ जानेवारी १९५० रोजी एक मोठी घटना शांतपणे घडून गेली होती. भारताच्या संविधानाने देशास एकच नागरिकत्व दिले. देशात अधिवास असलेला आणि येथे जन्मलेला, किंवा ज्याचे आईबाप यांपैकी कोणी येथे जन्मलेले, किंवा संविधानापूर्वी निदान पाच वर्षे येथे राहिलेला मनुष्य भारताचा नागरिक झाला. भूमचा आणि बार्शीचा, असे दोन्ही मामेभाऊ एकाच दिवशी, एकाच कलमाने, एकाच देशाचे नागरिक झाले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. वास्तव्यावरून सरकारी नोकरी नाकारणारे कायदे दूर करण्यासाठी संसदेने १९५७ साली कायदा केला. तो १९५९ च्या मार्चपासून अमलात आला. तेलंगणात मात्र मुल्की नियमांचा वाद न्यायालयांत आणि रस्त्यांवर पुढेही धुमसत राहिला आणि १९७३ साली संसदेने ते नियम रद्द केल्यावरच त्यांचा शेवट झाला.

तरीही पंधराचा आकडा भूमच्या कचेरीतून पुरता गेला, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला घ्यावयाचा तर सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. शाळेचे दाखले, शिधापत्रिका, घरपट्टीच्या पावत्या अशी कागदपत्रे जुळवावी लागतात. ज्याचे घर पक्के आणि पेटी कुलुपाची, त्यास हे सोपे. परंतु याच भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अर्धे वर्ष ती कारखान्याच्या फडावरील कोपीत असतात. मुलांच्या शाळेच्या हजेरीत त्या महिन्यांची पोकळी राहते. तात्पुरत्या गैरहजेरीने वास्तव्य तुटत नाही, परतण्याचा हेतू असला म्हणजे घर तेच राहते, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. पण ते तत्त्व पुस्तकात असते आणि पावती मात्र खिडकीवर मागितली जाते. अशा कुटुंबाचे म्हणणे ऐकून घेणारा कारकून भेटतो की केवळ कागद मोजणारा, यावर एखाद्या मुलीचे पुढील शिक्षण अवलंबून राहू शकते.

जर्मनीतील मराठी अभियंता आपले परदेशातील दिवस मोजतो आणि भूम तालुक्यातील ऊसतोड मजूर आपल्या मुलाच्या शाळेचे दाखले मोजतो. दोघेही एकाच प्रकारच्या खिडकीसमोर उभे असतात. अभियंत्यास निदान आकडा ठाऊक असतो आणि तो पुरा झाल्यावर काय मिळेल, हेही ठाऊक असते. मजुराजवळ वर्षे पुरेपूर असतात. ती दाखविण्याचे साधन नसते. वास्तव्याचा नियम करणाऱ्या राज्याने म्हणूनच दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मुदत अशी असावी की मनुष्याच्या उमेदीच्या काळात ती पुरी व्हावी. आणि पुरावा असा मागावा की जो खरोखर राहिला आहे, त्यास तो देता यावा.

भूम-बार्शीच्या वाटेवर आज करोडगिरीचा नाका नाही. एस.टी.च्या गाडीतील उतारू पूर्वीची सरहद्द कोठे ओलांडली, हे सांगू शकणार नाहीत. भूमची लेक आता बार्शीस दिली, तरी तिच्या नागरिकत्वास धक्का लागत नाही. तिला माहेरी परतण्यासाठी विधवा व्हावे लागत नाही आणि तिच्या मुलांना आजोळी परके म्हणून कोणी दाखला मागत नाही.