केळीचे खोड आणि वजनकाटा



विष्णुपुरीहून नांदेड ओलांडून अर्धापूरकडे निघाले की केळीच्या बागा लागतात. केळ एकदाच निसवते. घड उतरला की खोड तोडायचे, बांधावर कुजवायचे आणि उचलायला वर मजुरी मोजायची, अशी रीत. पण हे खोड लाकूड नव्हे. एकावर एक लपेटलेली सोपटेच ती, आणि प्रत्येक सोपटात धागा आहे. यंत्रावर खरवडले की गर व पाणी निघून जाते, वाख हाती राहतो.

त्या वाखाचे काय करायचे? आपल्या आया भिंतीच्या गाऱ्यात भुसा कालवीत, म्हणजे भिंत तडकत नसे. गाऱ्याच्या जागी रेझिन नावाची कृत्रिम राळ आणि भुशाच्या जागी वाख घातला की पत्रे, फळ्या, मोटारीचे आतले भाग होतात. आज तेथे काचेचा धागा वापरतात. तो पाण्याच्या अडीचपट जड, केळीचा सव्वा-दीडपट. केळीच्याच कुळातल्या, फिलिपाइन्समधल्या अबाकाचा धागा 2004 साली मर्सिडीजच्या ए-क्लास मोटारीत स्टेपनीच्या आच्छादनाला लागला, तेव्हा ही कल्पनेची भरारी नव्हे.

दोषही सांगतो. हा धागा ओल पितो, राळेला नीट धरत नाही. म्हणून सौम्य कॉस्टिक सोड्यात धुवावा लागतो. दोनशे अंशांपलीकडच्या उष्णतेत करपतो. घराची तुळई त्याची कोणी करू नये. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्रज्ञान शिकवतात. धाग्याची पारख तिथल्या मंडळींनी करावी. मी कामगार चळवळीतला माणूस, मला दुसरीच गोष्ट दिसते.

खोडात शेकडा नव्वद भाग पाणी. शंभर किलो खोडातून वाख निघतो किलो-दीड किलो. पाणी लांब वाहून नेणे परवडत नाही, तेव्हा यंत्र शेताजवळच येणार आणि त्यावर आपल्याच गावच्या बाया उभ्या राहणार. (गिरणीत वाया गेलेल्या सुतालाही 'वेस्ट' म्हणत, आणि त्याच्या गाठी बांधून विकत!) मजुरी वाळल्या वाखाच्या किलोवर ठरली, तर त्या बाईने नव्वद किलो पाणी फुकट उचलले. शिवाय धागा स्वच्छ निघणे, न तुटता वाळणे हे तिच्याच बोटांत आहे. घाईने खरवडलेला वाख तुटका निघतो, आणि घाईतच बोटे रुळात जातात. तेव्हा रोजंदारी हवी, रुळावर जाळी हवी, सोड्यासाठी हातमोजे हवेत.

उद्या कोणी कारखानदार भाव बोलायला आला, तर वजनकाटा खोडापाशी मांडायचा की वाखापाशी, हे त्याच्याआधी आपण ठरवून ठेवू या.